एक काना

तोरुनच्या बेकरीत मुलाखतीला गेलो तेव्हा
खिशात सदतीस झ्वॉटी
आणि तोंडात अजून न रुळलेलं एक क्रियापद.

"याआधी कुठे होतात?"
होतो. ग्रुजॉन्त्सच्या गोदामात होतो, चार वर्षं.
पण दाखल्यावर सही-शिक्क्यानिशी लिहिलंय
की तिथे एक बाई होती,
पॅकिंगला हात चलाख, रजा कमी.
ती मला चांगली ओळखते, साहेब,
पण फोनवर यायची नाही.

हे सगळं मनात.
दाखला फाईलच्या तळाशीच राहिला.
"मग चार वर्षं काय केलंत?"
आजारी आजोबांची शुश्रूषा, म्हणालो.
आजोबा मी सहा वर्षांचा असतानाच गेले.
ओल्गेर्ड हे नाव त्यांचंच, तेही न विचारता उचललेलं,
आता वर हे आजारपण.
त्यांच्याकडची उधारी वाढतच चाललीय.

अनुभव शून्य, म्हणून पगार नवख्याचा.
रात्रपाळी.
मधाच्या बिस्किटांचे ट्रे भट्टीतून ओढायचे,
पहाटे चारला दहा मिनिटं बसायचं.
त्या दहा मिनिटांत बटर पेपरवर हिशेब:
खोली अकराशे.
औषधाची कुपी, ती चुकवायची नाही,
बुटांचा तळ चुकवता येतो.
कोर्टाची फी सहाशे,
कारण तेव्हा आमच्याकडे
स्वतःला दुरुस्त करून घ्यायचं तर
आईबापांवरच दावा लावावा लागायचा.

सुनावणीच्या दिवशी प्रतिवादी नंबर एक
दोन बस बदलून आली,
आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर वादीला
खारवलेल्या काकड्यांची बरणी दिली.
प्रतिवादी नंबर दोन आला नाही.
त्याच्या न येण्याने तारीख पडली,
तारखेने एक पाळी बुडाली,
पाळीने वीजबिल.
काकड्या मात्र नऊ दिवस पुरल्या.

दाढी फुटत होती आणि आवाज घोगरा,
बँकेची फोनवरची मुलगी म्हणाली,
"खातेदार बाईंनाच द्या ना फोन."
मीच, म्हणालो.
तिने खातं गोठवलं, माझ्याच सुरक्षेसाठी.
अकरा दिवस मी माझ्यापासून सुरक्षित होतो.
कारखान्यात तुटकी बिस्किटं फुकट असतात.
अकरा दिवसांनंतर मला मधाचा वाससुद्धा नकोसा झाला.

हजेरी लिहितात त्या कझिमिएराबाई.
करार करताना ओळखपत्र त्यांनीच पाहिलं होतं,
फोटो, मग मी, मग परत फोटो,
आणि नाक शिंकरून म्हणाल्या होत्या,
"कपडे पिठाच्या कोठीत बदल. कडी आतून लागते."
तेवढंच. त्यानंतर ना चांगलं ना वाईट.
वहीत रोज सरकारमान्य शेवट लिहायच्या:
आली. गेली. आली.
कायदा कायदा आहे, आणि मी गप्प,
कारण ज्याचं भाडं थकलंय
त्याने व्याकरण काढू नये.

फेब्रुवारीत एका रात्री ट्राम बंद पडली,
पुलावरून चालत आलो, नदीवरचा वारा तोंडात घेत.
सव्वीस मिनिटं उशीर.
बाई वहीवर वाकलेल्या.
'उशिरा आली' लिहून झालं होतं.
चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं,
मिशीवर गोठलेल्या दवाकडे, जरा जास्तच वेळ.
मग टेबलाच्या खणातून अर्धं ब्लेड काढलं
आणि शेवटच्या अक्षरावरची वेलांटी
हळूहळू खरवडली, कागद फाटू न देता.
खालचा काना तिथेच होता.
तो काही त्यांना नव्याने काढावा लागला नाही.

कागदाचा भुसा फुंकून उडवला,
वही मिटली.
"उशिराचे वीस झ्वॉटी कापणार," म्हणाल्या,
"चल, भट्टी तापलीय."